शर्मिलाचा बुधवार

शर्मिला कासारेबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मी फोनमध्ये डोकं घालते. आमच्या धंद्यात ही सवय खपून जाते, कारण फोनमध्ये डोकं घालणं हाच आमचा धंदा आहे. लोक गूगलवर काहीतरी शोधतात, तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाचं पान वर दिसावं म्हणून जी खटपट लागते ती आम्ही करतो. सर्च मार्केटिंग म्हणतात त्याला. माझ्या आईला विचाराल तर ती सांगेल, "कॉम्प्युटरचं हाय कायतरी."

शर्मिला आणि मी एकाच दिवशी या धंद्यात आलो. बारा वर्षांपूर्वी, महापेच्या एका एजन्सीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. मी दिशा, घणसोली गावातली, आगऱ्याची पोर. ती नेरूळची. तिचे वडील शाळेत शिपाई, आई बयाबाई घरी पापड लाटून विकायची, मूळ गाव माणगावकडचं. माझं इंग्रजी बरं होतं, तिचं यथातथाच. मी फडाफडा बोलायचे, ती तोंडातल्या तोंडात. साहेबांनी पहिल्याच महिन्यात मला गिऱ्हाइकांसमोर नेलं आणि तिला मागे बसवून याद्या करायला लावल्या. हे मुद्दाम सांगते, कारण आता कुणाला खरं वाटत नाही.

आमच्याकडे रोज काहीतरी बदलतं. काल वर असलेलं पान आज खाली जातं, नवे नियम येतात, आणि त्या सगळ्या बातम्या इंग्रजीत. जेवणाच्या सुट्टीत मी त्या वाचायचे आणि शर्मिलाला समजावून सांगायचे. ती डब्याच्या झाकणाशेजारी वही ठेवून लिहून घ्यायची. एका बुधवारी तिने वहीतलं सगळं मराठीत टाइप केलं आणि ओळखीच्या नऊ जणांना पाठवलं. मला दाखवलं तेव्हा मी हसले. "मराठीत हे कोण वाचणार गं?" असं म्हणाले. मी असं म्हणाले होते हे फक्त आम्हा दोघींना माहीत आहे, आणि तिने ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिचा राग करणं मला सोपं गेलं असतं.

आज ते बुधवारचं पत्र चौदाशे लोकांना जातं. लातूर, सावंतवाडी, जळगाव, कुठून कुठून तिला उत्तरं येतात. पत्रात धंद्यातल्या पाच बातम्या असतात, साध्या भाषेत, घाबरायचं की नाही तेही सांगितलेलं. आणि सगळ्यात शेवटी एक चौकट, "माझं चुकलं". त्या आठवड्यात तिच्या हातून काय बिघडलं ते ती तिथे लिहिते. चुकीच्या गिऱ्हाइकाला अहवाल गेला, एका दुकानाचा पत्ता नकाशावर खाडीत पडला, असलं काहीबाही. लोक बातम्या सोडून आधी ते वाचतात. मी चुकले तर मी फाइलचं नाव बदलते. ही बाई चुकते आणि चौदाशे लोक तिला ताई म्हणतात.

एवढ्यावर थांबली असती तर ठीक होतं. पण शर्मिलाला थांबता येत नाही. नेरूळला एका क्लासच्या खोलीत तिने सर्च कट्टा सुरू केला. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी वीस-पंचवीस जण जमतात, नवे आलेले जुन्यांना विचारतात, चहा होतो. कट्ट्यावर एक रिवाज आहे, तोही तिचाच. कुणाचीही नवी साइट सुरू झाली की दुसऱ्याने ती तपासायची आणि ग्रुपवर "बघितलं" असं लिहायचं. दुसरी नजर म्हणतात त्याला. शनिवारी संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये बायकांना बसवून, आपलं शिवणकाम, आपली खानावळ नकाशावर कशी चढवायची ते ती शिकवते. फुकट. ओढणीला पिन लावून, खांद्याला ती कळकट कापडी पिशवी अडकवून भराभरा चालते आणि रस्त्यात चार जण तिला थांबवतात. मी बरोबर असले की तेवढा वेळ बाजूला उभी राहते, गाडीतून उतरलेल्या पाहुण्याच्या ड्रायव्हरसारखी.

मी तिच्याहून जास्त शिकलेली. मोठ्या एजन्सीत आहे. हाताखाली सहा जण आहेत. आणि तरी कुणी माझं नाव सांगताना म्हणतात, "अरे ती, शर्मिलाताईंची मैत्रीण."

हे सगळं मी सहन केलं. काकीचं मात्र नाही झालं.

शेवंताबाई ही माझी सख्खी काकी. आमच्या शेजारच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, खाली तीन खोल्या भाड्याने दिल्या आहेत. काका गेल्यापासून, म्हणजे वीस वर्षं, ती घणसोलीच्या बाजारात मासळी विकायची. सकाळी टोपली डोक्यावर घेऊन निघताना आमच्या दारासमोरून जायची आणि मला हाक मारायची, "दुपारी कालवन घेऊन जा गो!" हाक चुकली असा दिवस मला आठवत नाही. मला पोर नव्हतं तेव्हा तिने नवस बोलला, पोर झालं तेव्हा फेडला. तिचा मसाला आमच्या अख्ख्या आळीत नावाजलेला. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, खडा मसाला भाजायचा, डंकावर कांडून आणायचा. ती माझ्या मागे लागली होती, "दिशा, तू ते लोकांचं टाकतंस ना फोनात, माजा मसालापन टाक." मी दोन वर्षं म्हणत राहिले, करते काकी, करते.

मग एकदा गावच्या जत्रेला मी शर्मिलाला जेवायला बोलावलं. तिने कालवणाचा पहिला घास घेतला आणि तिथल्या तिथे वही काढली. आठ दिवसांत काकीची साइट उभी. मिरच्या वाळत घातलेल्या गच्चीचा फोटो, काकीचा फोन नंबर, मसाल्यात काय काय पडतं ते काकीच्याच शब्दांत. नवी मुंबईत कुणी आगरी मसाला शोधला की काकी पहिली. खारघर, पनवेल, पार ठाण्यापासून फोन यायला लागले. गेल्या उन्हाळ्यात इतके आले की काकीने बाजारातली आपली जागा आपल्या जावेला, येसूबाईला, देऊन टाकली. "माजे गुडगे सुटले," म्हणाली. शर्मिलाला तिने साडी नेसवली. मी तिथेच होते, साडीची घडी मोडायला मदत करत. पोटात दुखणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट कळलं.

इथे पाहुणीबद्दल सांगायला हवं. एखादी साइट पानापानाने फिरून तिच्यातल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम आम्ही सगळेच वापरतो. महापेच्या दिवसांत मी माझा स्वतःचा बनवला होता आणि शर्मिलाने त्याचं नाव ठेवलं होतं, पाहुणी. येते, घरभर बघते, निघून जाते. जिथे जाते तिथल्या नोंदीत ते नाव उमटतं. काकीने शर्मिलाला साडी नेसवल्यापासून मी ती पाहुणी रोज सकाळी सव्वानऊला काकीच्या साइटवर सोडायला लागले. आपोआप. कशासाठी, ते मीच मला सांगत नव्हते. सांगते आता. शर्मिलाची चूक सापडावी म्हणून. छोट्या सापडायच्या. एक फोटो जड, एक मथळा लांब. मी त्यांची यादी ठेवत होते.

या वर्षी मार्च संपताना, एका गुरुवारी, शर्मिलाने काकीची साइट नव्याने बांधून सुरू केली. ग्रुपवर लिहिलं, "काकींचं नवं घर तयार. कुणीतरी दुसरी नजर टाका." पंधरा जणांनी अंगठे दिले. शर्मिलाताईंच्या कामात काय बघायचं असतं, म्हणून एकानेही उघडून बघितलं नाही.

शुक्रवारी पाहुणीने आणून दिलं. साइट बांधत असताना पानाच्या वरच्या भागात एक ओळ लिहून ठेवतात, लोकांना न दिसणारी. ती गूगलला सांगते, हे पान अजून यादीत घेऊ नकोस. साइट सुरू करताना ती काढायची असते. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात प्रसिद्ध चूक, नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात ती. शर्मिला ती ओळ काढायला विसरली होती. प्रत्येक पानावर.

मी हसले. खोटं कशाला बोलू, केबिनचं दार लावून हसले.

मग फोन हातात घेतला. एका वाक्याचं काम होतं. "शर्मिला, ती ओळ राहिलीय." एवढंच. पण फोन उघडला तर ग्रुपवर सुगतचा निरोप पडलेला. सुगत कट्ट्याची सगळी व्यवस्था बघतो. कट्ट्याचं वार्षिक संमेलन वीस एप्रिलला, मोठा हॉल घेतलाय, मुख्य भाषण शर्मिलाताईंचं. ते भाषण मी मागितलं होतं. जानेवारीत, लेखी, विषयासकट. तिने मागितलंही नव्हतं. खाली अभिनंदनाची रांग लागली होती. मी फोन उलटा ठेवला. उद्या सांगू म्हटलं.

उद्याचा परवा झाला. आठवड्याने सांगायचं म्हणजे आठवडाभर का गप्प होतीस, हेही सांगावं लागणार. पाहुणी रोज तीच ओळ आणून माझ्यासमोर ठेवत होती. काकीचं पान हळूहळू यादीतून गेलं. पहिल्या जागेवरून खाली नाही, गेलंच. त्या बुधवारी शर्मिलाच्या पत्रातली पहिली बातमी होती, सध्या सगळीकडे पानं वरखाली होताहेत, घाबरू नका, दोन आठवडे थांबा. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, थांब तू.

एका संध्याकाळी काकी आमच्याकडे आली. हातात फोन.

"दिशा, ह्यो बिगडला का बग गो. वाजतच नाय."

मी फोन इकडून तिकडे केला. "ठीक आहे काकी."

"मंग? गेल्या टायमाला या दिवसांत जेवाला फुरसत नव्हती. आवंदा मी दुप्पट मिरची घेतली. जुने लोक करतात फोन, नवा एक नाय." तिने आवाज खाली केला. "शर्मिलाला बोलू नको हां. पोर येवडं फुकट करते, तिला वाईट वाटल."

माझ्या मनात आलं ते असं होतं, माझ्या काकीला माझ्यापेक्षा तिचं वाईट वाटण्याची काळजी. त्या क्षणी मला काकीचाही राग आला. "नाही बोलणार," मी म्हणाले, आणि शब्द पाळला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी बाजारातून जात होते तर काकी बसलेली. येसूबाई मधल्या ओट्यावर, सावलीत, तिच्या जुन्या जागेवर. काकी पार टोकाला, गटाराच्या कडेला, डोक्यावर पदर घेऊन उन्हात. दिलेली जागा परत मागायची नाही, एवढा ताठा तिच्यात आहे. मला बघून हसली. "घरात बसून करू काय?" म्हणाली आणि पाय चोळायला लागली. मी दोन पापलेट घेतले. घरी येईपर्यंत ठरवलं की आता बास, आज सांगायचं. आणि जिना चढताना दुसरं सुचलं. संमेलन आठच दिवसांवर आहे. तिथे सांगायचं. सगळ्यांसमोर.

संमेलनाला दीडशे माणसं आली. शर्मिला विहारातल्या जयंतीच्या धावपळीतून उठून आलेली, डोळ्यांखाली काळं, आवाज बसलेला. ती बोलली त्यात नवीन काही नव्हतं. आपल्या भाषेत बातमी पोचली पाहिजे, एकमेकांच्या कामावर नजर ठेवली पाहिजे. माणसं माना डोलवत होती. प्रश्नांची वेळ झाली तेव्हा मी हात वर केला. सुगतने माइक आणून दिला.

"एक साइट बघू या का पडद्यावर?" मी म्हणाले. "शेवंताबाईंची. तूच केलेली."

शर्मिलाचा चेहरा खुलला. "अगं बघू या की!" तिने मोठ्या पडद्यावर टाइप केलं, आगरी मसाला, घणसोली. दुसऱ्यांची नावं आली. ती खाली गेली. पुढचं पान उघडलं. त्याच्या पुढचं. मग तिने काकीची साइट उघडून आतला मजकूर काढला आणि ती ओळ दीडशे माणसांसमोर पडद्यावर आली. सगळे धंद्यातलेच. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

शर्मिला बोटांवर काहीतरी मोजत होती. "चोवीस दिवस," ती म्हणाली. "माझं चुकलं. मसाल्याचा हंगाम आहे हा. दिशा, तू बघितलंस म्हणून कळलं, नाहीतर मला कधी कळलं असतं?" आणि ती स्वतः टाळ्या वाजवायला लागली. माझ्यासाठी. मग सगळे.

तिने तिथेच उभ्या उभ्या ती ओळ काढली. खाली येऊन माझा हात धरून विचारलं, "काकी काही बोलल्या का गं? फोन कमी झाले असतील."

"मला नाही बोलली काही," मी म्हणाले.

चहाच्या वेळी माझ्याभोवती घोळका होता. सुगतने पुढच्या महिन्याचं भाषण मला दिलं. कुणीतरी म्हणालं, नजर असावी तर दिशाताईंसारखी. बारा वर्षांत पहिल्यांदा शर्मिला कोपऱ्यात एकटी उभी होती आणि मी मधोमध. मला बरं वाटलं. दोन दिवस चांगलं वाटत राहिलं.

सोमवारी शर्मिला काकीकडे येऊन गेली. काकीच्या पायाशी बसून माफी मागितली म्हणे. काकीने तिला मासे बांधून दिले. ओळ काढली तरी पान यादीत परत यायला, वर चढायला वेळ लागतो, आणि मे उजाडेपर्यंत लोकांच्या बरण्या भरून झालेल्या असतात. काकीच्या माळ्यावर मसाल्याचे डबे तसेच राहिले. ती बाजारात जात राहिली.

मग बुधवार आला. बुधवारी मासळीला गिऱ्हाईक जास्त, म्हणून काकी लवकर निघते. मी कचरा टाकायला खाली उतरले होते तर तिने हाक मारून वर बोलावलं. टोपली भरून दारात ठेवलेली. हातात फोन आणि चष्मा.

"शर्मिलाचं ते आलंय बग. मी हाय म्हने त्याच्यात. वाच जरा, बारीक दिसतंय."

मी उंबऱ्यात उभी राहून शेवटची चौकट वाचायला लागले. मोठ्याने.

"माझं चुकलं. शेवंताकाकींच्या साइटवरची ओळ मी काढायला विसरले आणि त्यांचा हंगाम गेला. विसरणं ही एक चूक. दुसरी चूक त्याहून मोठी आहे. चोवीस दिवसांत मी एकदाही आत जाऊन तपासलं नाही. साइटवर कोण येऊन गेलं त्याची नोंद मी रोज बघायचे. त्यात रोज सकाळी सव्वानऊला माझ्या एका जुन्या मैत्रिणीची पाहुणी येऊन गेलेली दिसायची. सगळ्या पानांवर फिरून गेलेली. येणारी माणसं कमी झालेली दिसली, पण ती सध्याची वरखाली असेल असं समजले. मला वाटलं, ती बघते आहे, म्हणजे मी निश्चिंत. काही चुकलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. तिच्या भरवशावर मी राहिले, ही माझी चूक आहे, तिची नाही."

मी थांबले. त्यात टोमणा कुठे आहे ते मी शोधत होते. पुन्हा पहिल्यापासून डोळ्यांनी वाचलं. शर्मिलाला टोमणा मारता येत नाही, बारा वर्षांत कधी आला नाही. तिने जे लिहिलं होतं तेच तिला म्हणायचं होतं. इतके दिवस मी तिच्यावर पाळत ठेवत होते आणि ती त्याला सोबत समजत होती.

"कोन गो ही पाहुनी?" काकीने विचारलं.

कुणीतरी ओळखीची, असं म्हणता आलं असतं. काकीला खरं वाटलं असतं.

"माझी आहे, काकी. तो प्रोग्रॅम असतो. मीच पाठवायचे."

काकीला प्रोग्रॅम कळला नसेल. बाकीचं कळलं. "मंग तुला दिसलं व्हतं?"

"हो."

"कवा?"

"दुसऱ्याच दिवशी."

तिने माझ्या हातातून फोन घेतला. चष्मा काढून डबीत ठेवला, डबी फळीवर ठेवली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, भाषणाचं, साडीचं, सगळं. मग तिने चुंबळ डोक्यावर बसवली आणि गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली.

"हात लाव," म्हणाली.

मी एका बाजूने टोपली उचलली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. बर्फाचं पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. ती एक हात भिंतीला लावून एकेक पायरी उतरायला लागली. खाली गेली, आमच्या दारासमोरून गेली. मी वर जिन्यात उभी होते, आणि दुपारी कालवण घेऊन जा, ही हाक तिने मारली नाही.